खुर्ची तीच, भाडं वेगळं: विमान तिकिटाचा भाव ठरतो कसा?

पालमहून विमान गाठायचं म्हटलं की पहिलं नाव नांदेडचं निघतं. लोहा ओलांडून साठेक किलोमीटर गेलं की विमानतळ येतो. नांदेडहून सोयीचं विमान नसेल तर छत्रपती संभाजीनगर किंवा थेट हैदराबाद, म्हणजे पाच-सहा तासांचा रस्ता. पूर्वी या तालुक्यात विमानप्रवास म्हणजे अप्रूप होतं. आता पोरं बेंगळुरूला, पुण्याला, दिल्लीला नोकरीला आहेत, कुणी आखाती देशात आहे. म्हाताऱ्या आईवडिलांना उपचारासाठी तातडीनं न्यायचं असतं, लग्नाला पोचायचं असतं. तिकीट मोबाइलवरच काढलं जातं आणि पहिला गोंधळ तिथेच होतो. सकाळी पाहिलेला भाव संध्याकाळी हजार रुपयांनी चढलेला असतो. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं आपल्या निम्म्या पैशांत तिकीट काढलेलं असतं. चौघांचं तिकीट शोधलं तर माणशी एक भाव, दोघांचं शोधलं तर दुसराच.

एसटीत असं होत नाही. पालम ते गंगाखेड जे भाडं आहे, ते पहिल्या प्रवाशाला आणि शेवटच्यालाही तेच. रेल्वेनं 9 सप्टेंबर 2016 पासून राजधानी, शताब्दी आणि दुरांतो या गाड्यांना चढतं भाडं लावलं, पण त्याचं गणित उघड आहे: दर दहा टक्के जागा विकल्या गेल्या की भाडं दहा टक्क्यांनी चढतं आणि ठरलेल्या मर्यादेवर थांबतं. ही मर्यादा सुरुवातीला दीडपट होती, ती पुढे 1.4 पटीवर आणली गेली. विमानाचं भाडं मात्र चढतं, उतरतं, पुन्हा चढतं आणि ते का हे कुणी सांगत नाही. त्यामुळे माणसाला फसवल्यासारखं वाटतं. या भावामागे एक ठरलेला हिशेब आहे आणि तो कुणालाही समजेल असा आहे. तो समजला की तिकीट काढताना घाबरायला होत नाही आणि कुठे तक्रार करायला हवी हेही कळतं.

उडाल्यावर रिकामी खुर्ची कुणाच्या कामाची नाही

विमान नांदेडहून उडालं की त्यातली रिकामी राहिलेली खुर्ची कायमची वाया गेली. ती उद्यासाठी ठेवता येत नाही. दुसरी गोष्ट अशी की विमान उडवायचा बहुतेक खर्च खुर्च्या भरल्या काय, रिकाम्या राहिल्या काय, तेवढाच येतो. विमान भाड्यानं घेण्याचा खर्च, वैमानिकांचे पगार, देखभाल, उतरण्याचं शुल्क यांत एक प्रवासी वाढल्यानं जवळजवळ फरक पडत नाही. इंधनही थोडंच जास्त लागतं. म्हणजे जी खुर्ची रिकामी जाणार आहे, ती दोन हजारांना विकली तरी कंपनीचा फायदाच.

मग शेवटच्या दिवशी तिकीट स्वस्त व्हायला हवं. आठवडी बाजारात तसंच होतं. दिवस मावळायला लागला की भाजीवाली मेथीच्या जुड्या निम्म्या भावात देते, कारण घरी नेल्या तर सुकतील. विमानाची खुर्चीही तशीच नाशवंत, तरी तिचा भाव शेवटी चढतो. फरक गिऱ्हाइकात आहे. बाजारात उशिरा येणारा माणूस थांबू शकतो, त्याला स्वस्त हवं असतं, नाही मिळालं तर तो तसाच घरी जातो. विमानाचं तिकीट आदल्या दिवशी काढणारा माणूस थांबू शकत नाही. त्याला उद्या कोर्टात उभं राहायचं असतं, मुलाखतीला जायचं असतं, दवाखान्यात पोचायचं असतं. कंपनीला हे ठाऊक असतं. विमानाच्या भाड्यात किलोमीटर फार थोडे मोजले जातात. मोजली जाते ती प्रवाशाची निकड आणि ती ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे तिकीट किती आधी काढलं.

एका विमानात सात-आठ भाव

कंपनी अख्ख्या विमानाला एक भाव लावत नाही. खुर्च्यांचे गट पाडते. प्रत्येक गटाला एक इंग्रजी अक्षर आणि एक भाव असतो. तिकिटावर किंवा ई-तिकिटाच्या कोपऱ्यात क्लास म्हणून एखादं अक्षर छापलेलं असतं, ते या गटाचं. खुर्ची, पाण्याची बाटली, खिडकी सगळं सारखंच. फक्त भाव आणि रद्द करण्याच्या अटी वेगळ्या.

नांदेडहून उडणाऱ्या स्टार एअरच्या एम्ब्रेअर 175 विमानात 76 खुर्च्या असतात. त्यातल्या 12 बिझनेस वर्गाच्या आणि 64 साध्या. या 64 खुर्च्यांचे गट समजुतीपुरते असे पाडून पाहू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

पहिल्या 8 खुर्च्या 2,800 रुपयांना. पुढच्या 10 खुर्च्या 3,400 ला. नंतरच्या 12 खुर्च्या 4,200 ला. मग 12 खुर्च्या 5,300 ला, 10 खुर्च्या 6,800 ला, 7 खुर्च्या 8,500 ला आणि शेवटच्या 5 खुर्च्या 11,000 रुपयांना.

सगळ्या खुर्च्या अशा विकल्या गेल्या तर कंपनीला 3,52,900 रुपये मिळतात, म्हणजे सरासरी साडेपाच हजार. मग सगळ्यांना सरळ साडेपाच हजारच का लावत नाहीत? कारण तसं केलं तर 2,800 रुपयांत येणारे आठ जण येणारच नाहीत, ते ट्रॅव्हल्सनं जातील. आणि ज्या पाच जणांची 11,000 द्यायची तयारी होती, ते साडेपाच हजारच देऊन जातील. दोन्हीकडून कंपनीचं नुकसान. भावाची अशी शिडी लावली की खालच्या पायरीवरचाही येतो आणि वरच्या पायरीवरचाही.

स्वस्त गट संपला की पुढचा उघडतो, म्हणून मोबाइलवर भाव एकदम सहाशे-आठशेनं उडी मारतो. हळूहळू पाच-दहा रुपयांनी वाढताना तो क्वचितच दिसतो. तुम्ही चहा प्यायला गेलात, तेवढ्यात कुणीतरी त्या गटातली शेवटची खुर्ची उचलली, एवढंच झालेलं असतं.

खुर्ची राखून ठेवण्याचा हिशेब

स्वस्त खुर्ची कुणी मागत असताना ती द्यायची की महाग गिऱ्हाइकासाठी राखून ठेवायची, हा या सगळ्या धंद्याचा मूळ प्रश्न आहे. त्याचं नेमकं उत्तर 1972 मध्ये बीओएसी या ब्रिटिश विमान कंपनीतल्या केन लिटलवुड यांनी मांडलं. त्यांचा नियम आजही शिकवला जातो आणि तो पाचवीच्या गणितानं कळतो.

समजा आज एक प्रवासी 3,400 रुपये द्यायला तयार आहे. आधीच्या वर्षांचा अनुभव सांगतो की ही खुर्ची राखून ठेवली तर शेवटच्या आठवड्यात 8,500 देणारा येण्याची शक्यता शंभरात पन्नास आहे. 8,500 चे पन्नास टक्के म्हणजे 4,250. हातातल्या 3,400 पेक्षा हे जास्त, म्हणून खुर्ची राखून ठेवायची आणि आजच्या माणसाला 3,400 चा गट बंद दाखवायचा. तीच शक्यता शंभरात पस्तीस असेल तर राखण्याचं मोल होतं 2,975. ते 3,400 पेक्षा कमी, म्हणून आजच विकून टाकायची.

विमानात साठ खुर्च्या रिकाम्या असतानाही भाव चढा का दिसतो, याचं उत्तर इथे आहे. खुर्च्या रिकाम्या दिसतात, पण त्यांतल्या बऱ्याच उद्याच्या निकडीच्या गिऱ्हाइकासाठी राखलेल्या असतात.

हा हिशेब हातानं करणं शक्य नव्हतं. अमेरिकेत अमेरिकन एअरलाइन्सनं आयबीएमच्या मदतीनं साठच्या दशकात सेबर ही संगणकी आरक्षणाची यंत्रणा उभी केली होती. 1978 मध्ये तिथल्या सरकारनं भाड्यावरचं नियंत्रण उठवलं आणि पीपल एक्स्प्रेससारख्या स्वस्त कंपन्या उभ्या राहिल्या. त्यांच्याशी टक्कर द्यायला अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांनी जानेवारी 1985 मध्ये अतिस्वस्त भाडी जाहीर केली, पण ती फक्त आगाऊ तिकीट काढणाऱ्यांना आणि ठरावीक खुर्च्यांनाच. उरलेल्या खुर्च्या व्यापारी प्रवाशांसाठी पूर्ण भावानं राखल्या. पीपल एक्स्प्रेसकडे अशी संगणकी यंत्रणा नव्हती. ती कंपनी दोन वर्षांत विकली गेली. तेव्हापासून जगभरच्या विमान कंपन्यांनी हा मार्ग धरला.

भाव चढतो तसा उतरतोही

प्रत्येक उड्डाणाची कंपनीकडे एक अपेक्षित रेषा असते: साठ दिवस आधी इतक्या खुर्च्या गेल्या पाहिजेत, तीस दिवस आधी इतक्या, आठवड्यावर इतक्या. प्रत्यक्ष विक्री त्या रेषेच्या पुढे गेली की खालचे गट बंद होतात. विक्री मागे पडली की बंद केलेला स्वस्त गट पुन्हा उघडतो. तीस दिवस आधी पंधरा खुर्च्या जायला हव्या होत्या आणि सहाच गेल्या, तर काल 4,200 दिसलेलं तिकीट आज 3,400 ला दिसू शकतं.

भाव उतरण्याची आणखीही कारणं असतात. कुणी तिकीट रद्द केलं की खुर्ची परत येते. प्रवासी कंपनीनं सहलीसाठी अडवलेल्या पंधरा-वीस खुर्च्या मुदतीत पैसे न भरल्यानं एकदम सुटतात. कुणाचं पेमेंट मध्येच अडकलं तर काही मिनिटं खुर्ची अडकून राहते आणि मग मोकळी होते. दुसऱ्या कंपनीनं त्याच मार्गावर भाडं कमी केलं की पहिलीही करते. कंपन्यांची भाडी दिवसातून अनेकदा नव्यानं नोंदवली जातात, त्यामुळे हा बदल सकाळ-संध्याकाळ दिसतो.

काही वेळा यादीत एक भाव दिसतो आणि पैसे भरायच्या पानावर दुसरा. तिकीट शोधणारी संकेतस्थळं दर वेळी कंपनीच्या यंत्रणेला विचारत नाहीत. थोड्या वेळापूर्वी साठवलेला भाव दाखवतात. खरी विचारणा पैसे भरताना होते. मधल्या वेळेत गट संपला असेल तर नवा भाव येतो.

चार तिकिटं, एकच गट

नवराबायको आणि दोन मुलं अशी चार तिकिटं शोधताय. 3,400 च्या गटात दोनच खुर्च्या उरल्या आहेत. एका बुकिंगमधल्या सगळ्या तिकिटांना बहुतेक वेळा एकच गट लागतो, म्हणून यंत्रणा चौघांनाही ज्या गटात जागा आहे तो, म्हणजे 4,200 चा, भाव लावते. बिल होतं 16,800. आता त्याच वेळी दोन-दोनची वेगळी बुकिंग करून पाहा. पहिल्या दोघांना 3,400 नं 6,800 आणि पुढच्या दोघांना 4,200 नं 8,400. एकूण 15,200. तेच विमान, तीच माणसं, 1,600 रुपयांची बचत.

म्हणून चौघांचं तिकीट काढायच्या आधी एका माणसाचा भाव पाहावा. तो माणशी कमी दिसला तर खालच्या गटात थोड्या खुर्च्या आहेत असं समजावं आणि एकेक माणूस वाढवत भाव कुठे उडी मारतो ते पाहावं. मात्र वेगळं बुकिंग केलं की पीएनआरही वेगळे होतात. विमान रद्द झालं किंवा वेळ बदलली तर कंपनी दोन्हींचा वेगवेगळा विचार करते. त्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर प्रत्येक बुकिंगमध्ये एक जाणतं माणूस ठेवावं.

सण, दिशा आणि वार

मराठवाड्याच्या विमानांना दिवाळीची गर्दी एकाच दिशेनं असते. धनत्रयोदशीच्या आधीचे तीन-चार दिवस पुणे-मुंबईकडून इकडे येणारी विमानं भरलेली आणि इकडून तिकडे जाणारी रिकामी. भाऊबीजेनंतर उलट. एकाच दिवशी एकाच मार्गावर जायचं भाडं तिप्पट आणि यायचं साधं, असं दिसतं ते त्यामुळे. ज्याला शक्य आहे त्यानं दिवाळीत मुलांना गावी बोलावण्याऐवजी आईवडिलांना पुण्याला पाठवलं तर तेच विमान स्वस्तात मिळतं.

नांदेडला आणखी एक गर्दी आहे, ती तख्त सचखंड श्री हजूर साहिबची. पंजाब आणि दिल्लीकडून वर्षभर भाविक येतात, दसरा आणि होला महल्ला या काळात जास्त. एअर इंडियानं डिसेंबर 2017 मध्ये नांदेड-अमृतसर विमान सुरू केलं ते याच प्रवाशांच्या भरवशावर. पालमच्या माणसाला दिल्लीला जायचं असेल तर त्याच्या तिकिटाचा भाव गुरुद्वाराच्या दिनदर्शिकेवरही अवलंबून असतो.

वारांचंही तसंच. शुक्रवारी संध्याकाळी आणि रविवारी रात्री नोकरदार प्रवास करतात, सोमवारी सकाळी व्यापारी. मंगळवार, बुधवार आणि शनिवार दुपार यांना मागणी कमी. पण मंगळवारी बुकिंग केलं की तिकीट स्वस्त मिळतं, या समजाला आता आधार नाही. बुकिंग कुठल्या वारी केलं यापेक्षा विमान कुठल्या वारी उडतं हे महत्त्वाचं.

आणखी एक समज असा की एकच तिकीट वारंवार शोधलं की मोबाइल ते लक्षात ठेवतो आणि भाव वाढवतो, म्हणून ब्राउझर खासगी करून शोधावं. शोध वारंवार घेतल्यानं त्या माणसापुरता भाव वाढतो असं ठोसपणे दिसून आलेलं नाही. दुसऱ्यांदा पाहिल्यावर वाढलेला भाव बहुतेक वेळा गट संपल्याचा असतो. शंका असेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच तिकीट पाहावं, लगेच खात्री होते.

मार्गावर किती कंपन्या आहेत?

आतापर्यंतचं गणित सगळीकडे सारखं लागू होतं. पण शिडीची पहिली पायरी 2,800 ची असेल की 5,800 ची, हे स्पर्धा ठरवते. मुंबई-दिल्ली मार्गावर दिवसभरात कित्येक विमानं आहेत, एकानं भाव वाढवला तर प्रवासी दुसरीकडे जातो. नांदेडसारख्या ठिकाणी एका मार्गावर एकच कंपनी, तीही कधी आठवड्यातून मोजकेच दिवस. तिथे दुसरीकडे जाणार कुठे?

आपल्या भागानं याचा अनुभव घेतला आहे. ऑक्टोबर 2016 मध्ये केंद्रानं उडान योजना आणली. लहान विमानतळांवरून तासाभराच्या प्रवासाला साधारण 2,500 रुपयांची मर्यादा आणि विमानातल्या निम्म्या खुर्च्या या मर्यादेत, बदल्यात कंपनीला तीन वर्षं सरकारी मदत, असा तो करार. 27 एप्रिल 2017 रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून योजनेच्या पहिल्या उड्डाणांना हिरवा झेंडा दाखवला, त्यात ट्रूजेटचं नांदेड-हैदराबाद विमान होतं. पुढे 2022 मध्ये ट्रूजेटचीच विमानं थांबली. मार्च 2024 च्या अखेरीस कोल्हापूरच्या संजय घोडावत समूहाच्या स्टार एअरनं नांदेडहून सेवा सुरू केली आणि बेंगळुरू, हैदराबाद, दिल्लीजवळचं हिंडन अशी शहरं पुन्हा जोडली गेली.

उडानमध्येही मर्यादेतल्या खुर्च्या निम्म्याच असतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्या संपल्या की उरलेल्या खुर्च्यांना बाजारभाव. त्यामुळे योजनेतलं विमान असूनही शेवटच्या आठवड्यात तिकीट महाग दिसतं. तीन वर्षांची मदत संपल्यावर तर मर्यादेचं बंधनही राहत नाही.

मोठ्या मार्गांनाही कंपन्या कमी झाल्याचा फटका बसतो. 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेज थांबली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली, नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आज देशातल्या विमानप्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून अधिक एकट्या इंडिगोनं जातात. खुर्च्या कमी आणि माणसं तेवढीच, तर भाव चढणारच. मुंबईला उतरायची जागाच मर्यादित होती, म्हणून लहान शहरांच्या विमानांना तिथे सोयीची वेळ मिळणं अवघड होतं. 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली आहेत, त्यामुळे ही कोंडी सुटायला वाव आहे.

तिकिटात आणखी काय काय मिसळलेलं असतं

आपण भरतो त्या रकमेत मूळ भाड्याशिवाय इंधन अधिभार, विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क आणि जीएसटी असतो. साध्या वर्गाला जीएसटी 5 टक्के आहे, त्यावरच्या वर्गांना सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के. संकेतस्थळ वरून आपली सुविधा फी घेतं, ती शेवटच्या पानावर कळते. म्हणून भाव तोलताना शेवटच्या पानावरचा आकडा तोलावा.

भारतातल्या कंपन्यांच्या खर्चात विमान इंधनाचा वाटा मोठा, साधारण 30 ते 40 टक्के असतो. हे इंधन जीएसटीत येत नाही, त्यावर प्रत्येक राज्य आपापला व्हॅट लावतं. महाराष्ट्रानं 2023 च्या अर्थसंकल्पात बृहन्मुंबई, पुणे आणि रायगडमधला हा कर 25 टक्क्यांवरून 18 वर आणला. इंधन महागलं की सगळी शिडीच वर सरकते, पण हा बदल महिन्यांच्या हिशेबानं होतो. सकाळ-संध्याकाळची चढउतार इंधनाची नसते.

सरकार भाव बांधू शकतं का?

1953 च्या कायद्यानं देशांतर्गत विमानसेवा सरकारी महामंडळाकडे होती आणि भाडं सरकार ठरवायचं. तो कायदा 1994 मध्ये रद्द झाला. 2003 मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कननं स्वस्त विमानप्रवास आणला आणि आगाऊ तिकिटाला अगदी कमी भाव, उशिराच्या तिकिटाला चढा भाव ही रीत भारतात रुळली. 1937 च्या विमान नियमांतला नियम 135 भाडं ठरवायचा अधिकार कंपनीला देतो, मात्र ते खर्च आणि वाजवी नफा पाहून ठरवावं आणि जाहीर करावं असं सांगतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात 2010 पासून भाड्यांवर नजर ठेवणारा एक कक्षही आहे.

अडचणीच्या वेळी सरकारनं भाव बांधून दाखवला आहे. कोविडच्या टाळेबंदीनंतर मे 2020 मध्ये विमानं सुरू झाली, तेव्हा प्रवासाच्या वेळेनुसार सात टप्पे करून कमीत कमी आणि जास्तीत जास्त भाडं ठरवलं गेलं. ती मर्यादा 31 ऑगस्ट 2022 पर्यंत राहिली. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची उड्डाणं मोठ्या संख्येनं रद्द झाली, इतर कंपन्यांची भाडी भडकली, तेव्हा सरकारनं पुन्हा मर्यादा घातली: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000 आणि त्यापुढे 18,000. म्हणजे हात आहे आणि तो पोचतोही, फक्त मोठ्या शहरांत ओरड झाल्यावर.

खासगी ट्रॅव्हल्ससाठी महाराष्ट्रात 2018 पासून नियम आहे की भाडं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. तो सगळीकडे पाळला जातो असं नाही, पण नियम आहे म्हणून प्रवासी आरटीओकडे तक्रार तरी करू शकतो. विमानाला रोजच्यासाठी असा आकडाच नाही.

पालमहून तिकीट काढताना

वर सांगितलेल्या हिशेबातूनच पुढच्या गोष्टी निघतात.

तारीख पक्की असेल तर देशातल्या प्रवासाला महिना-दीड महिना आधी तिकीट पाहावं, दिवाळी आणि मे महिन्यासाठी त्याहून बरंच आधी. शेवटच्या दोन आठवड्यांत शिडी झपाट्यानं वर जाते. भाव उतरेल म्हणून शेवटपर्यंत थांबणं क्वचितच फळतं.

नांदेड, संभाजीनगर आणि हैदराबाद असे तिन्ही भाव पाहावेत, पण त्यात रस्त्याचा खर्च मिळवावा. हैदराबादहून तिकीट 1,500 नं स्वस्त असलं तरी पालमहून तिथवरची गाडी, जेवण आणि पहाटेच्या विमानासाठी मुक्काम धरला तर नांदेडच स्वस्त पडतं. चार माणसं एका गाडीत जाणार असतील तर हिशेब उलटू शकतो. रेल्वेनं जायचं तर गंगाखेड किंवा परभणी गाठावं लागतं, तो वेळही धरावा.

जाण्यायेण्याची तिकिटं एकत्र आणि वेगवेगळी, दोन्ही करून पाहावीत. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक आणि सैनिक यांना काही कंपन्या सवलत देतात. ती कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर निवडावी लागते, आपोआप मिळत नाही. सवलतीचा भाव आणि साधा भाव दोन्ही पाहावेत, कारण सवलत कधी कधी वरच्या गटावर दिलेली असते.

तिकीट रद्द करायची वेळ आली तर एक नियम लक्षात असू द्या. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘ना परतावा’ असं लिहिलेलं तिकीट असलं तरी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळतं. ते पैसे मागावे लागतात आणि माहिती नसल्यानं पुष्कळ जण ते सोडून देतात.

निकड असलेल्याचं काय?

भावाची शिडी मुळात वाईट नाही. तिच्यामुळेच पालमचा विद्यार्थी दोन महिने आधी तिकीट काढून बेंगळुरूला बसच्या थोड्या वरच्या पैशांत जाऊ शकतो. महाग तिकीट काढणारा व्यापारी त्याच्या खुर्चीचा भार उचलत असतो. लहान शहरांतली विमानं टिकायची तर हे लागतं.

पण यंत्रणेला निकड तेवढी कळते, निकडीचं कारण कळत नाही. कंपनीच्या खर्चानं बैठकीला जाणारा साहेब आणि वडील अत्यवस्थ आहेत म्हणून निघालेला मुलगा, दोघांनाही ती 11,000 चाच भाव दाखवते. साहेबाला तो परवडतो. त्या मुलाला त्यासाठी कर्ज काढावं लागतं. जिथे दुसरी कंपनी आहे तिथे तो पर्याय शोधेल. जिथे एकच कंपनी आहे, तिथे त्याच्यापुढे पर्याय नाही.

म्हणून नांदेडसारख्या एका कंपनीच्या मार्गांवर भाड्याची कायमची वरची मर्यादा असायला हवी आणि ती संकट आल्यावर नाही, आधीपासून जाहीर असायला हवी. प्रत्येक उड्डाणात चार-पाच खुर्च्या आजारपण आणि मृत्यू यांसाठी मधल्या भावानं राखून ठेवता येतील, दवाखान्याचा कागद दाखवला की मिळतील. व्यापारी प्रवाशांसाठी खुर्च्या राखण्याचं गणित कंपन्यांना चांगलं येतं. तेच गणित दुःखात निघालेल्या माणसासाठी करायला त्यांना फार अवघड नाही. आपले खासदार नांदेडच्या विमानांची संख्या वाढावी म्हणून भांडतात, ते योग्यच आहे. त्यांच्याकडे भाड्याच्या मर्यादेचीही मागणी करायला हवी आणि ती पालम, लोहा, गंगाखेडच्या प्रवाशांनीच लेखी करायला हवी, सोबत आपापल्या तिकिटांच्या प्रती जोडून.